स्नूकर एकट्याने खेळताना: सरावाचा तास कसा लावायचा

पार्लरमध्ये दुपारच्या निवांत वेळी एकट्याने टेबल घेतलेला माणूस बघा. पंधरा रेड, म्हणजे लाल बॉल, त्रिकोणात लावतो, जोरात मारून फोडतो आणि मग जो समोर दिसेल तो पॉट करत, म्हणजे पॉकेटमध्ये घालत सुटतो. ब्लॅक हुकला की व्हाइट, म्हणजे ज्याला काठीने मारायचं तो पांढरा बॉल, हातानेच मागे आणून ठेवतो, पुन्हा मारतो. या वेळी गेला की "हां, हा येतो आपल्याला" असं मनाशी म्हणत पुढच्या रेडकडे वळतो. तास भरतो, काउंटरवर पैसे मोजून होतात, आणि संध्याकाळी मित्रांसोबतच्या फ्रेममध्ये, म्हणजे डावात, तोच ब्लॅक त्याच जागेवरून पुन्हा हुकतो.

मेहनत कमी पडली असं म्हणायला जागा नाही. फक्त त्या तासात दोन निराळी कामं एकमेकांत कालवली गेली. एक काम शॉट दुरुस्त करण्याचं. त्यात चुका व्हायलाच हव्यात, कारण काय बिघडतंय ते चुकीतूनच कळतं. दुसरं काम, शॉट एकदाच मिळणार आहे हे माहीत असताना तो मारण्याचं. मॅचमध्ये हुकलात की खुर्चीत जाऊन बसावं लागतं आणि समोरचा ब्रेक करत, म्हणजे लागोपाठ पॉट करून गुण जमवत असताना नुसतं बघावं लागतं. एकट्याच्या सरावात ती खुर्ची नसते. व्हाइट हाताने मागे आणून मारलेल्या दुसऱ्या शॉटमध्ये ना धड दुरुस्ती होते, ना दडपणाची सवय लागते. म्हणून एकट्याने घेतलेल्या तासाचे दोन भाग पाडायचे. पहिल्यात चूक फुकट, दुसऱ्यात चूक महाग. मधली भेसळ बंद. पुढे जे सांगतोय तो याच वाटणीचा तपशील आहे.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

सरावाची सुरुवात नेमबाजीपासून न करता क्यू (खेळायची काठी) सरळ जातोय का इथून का करायची, हे आकड्यांवरून लगेच पटतं. पूर्ण मापाच्या टेबलावर खेळायची जागा ११ फूट साडेआठ इंच लांब आणि ५ फूट १० इंच रुंद असते. बॉलचा व्यास ५२.५ मिलिमीटर. ब्लूच्या स्पॉटपासून, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागेपासून, कोपऱ्यातलं पॉकेट जवळजवळ दोन मीटरवर. आता समजा व्हाइट, ब्लू आणि ते पॉकेट एका सरळ रेषेत आहेत. व्हाइट ब्लूला बरोबर समोरून न लागता फक्त १ मिलिमीटर बाजूला लागला, तर ब्लू साधारण एक अंशाने भरकटतो. दोन मीटर जाईपर्यंत त्या एका अंशाचे ३८ मिलिमीटर झालेले असतात.

कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साधारण साडेतीन इंचांचं, म्हणजे ८९ मिलिमीटरच्या आसपास. त्यातून बॉलची जाडी वजा केली तर दोन्ही बाजूंना मिळून ३६ मिलिमीटर उरतात, एका बाजूला १८. थोडक्यात, टक्कर होताना तुम्हाला अर्ध्या मिलिमीटरची सवलत आहे. पॉकेटच्या कडेला घासूनही बॉल कधी कधी आत पडतो, त्यामुळे सवलत किंचित जास्त धरा, पण अंदाज यावा म्हणून एवढं पुरे. एवढी बारीक जागा हात वाकडा ठेवून आणि मग डोळ्यांनी भरपाई करून साधत नाही. दहापैकी तीन वेळा साधते, आणि ते तीनच आपल्या लक्षात राहतात.

टेबलाच्या मधोमध ब्राऊन, ब्लू, पिंक आणि ब्लॅक यांचे स्पॉट एकाच ओळीत असतात. रंगीत बॉल बाजूला काढा, व्हाइट ब्राऊनच्या स्पॉटवर ठेवा आणि बाकीच्या तिन्ही स्पॉटवरून जाऊन समोरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी काठाला) लागून त्याच वाटेने परत येईल असा मध्यम वेगाने मारा. शॉट झाल्यावर क्यू आहे तिथेच, हनुवटी क्यूवरच. परत आलेला व्हाइट तुमच्या टिपला, म्हणजे क्यूच्या टोकाला, येऊन टेकला पाहिजे. हा सराव फार जुना आहे, प्रत्येक कोच सांगतो, आणि कंटाळवाणा वाटतो म्हणून बहुतेक जण दोनदा मारून सोडून देतात. खरं तर चूक कुठे आहे हे त्यात वेगवेगळं दिसतं. व्हाइट जातानाच ब्लूच्या स्पॉटच्या बाजूने गेला, तर क्यूची दिशाच चुकली. उभं राहण्याची जागा, खांदा, कोपर तिथे बघायचं. जाताना सगळ्या स्पॉटवरून सरळ गेला पण कुशनला लागून परत येताना उजवीकडे फुटला, तर टिप व्हाइटच्या मध्यावर न लागता किंचित उजवीकडे लागली आणि नकळत साइड (बॉलला बाजूची फिरकी) बसली. डावीकडे आला तर डावी साइड. ही नकळत बसलेली साइड पॉट हुकवणारं फार मोठं कारण असते, आणि सोप्या छोट्या पॉटमध्ये ती कधीच उघडी पडत नाही.

एक शंका मात्र रास्त आहे: वाकडं टेबल असेल तर? पार्लरमधली सगळी टेबलं काही पातळीत नसतात. दुसऱ्या टोकाकडून तोच शॉट मारून बघा. दोन्ही टोकांकडून व्हाइट खिडकीच्याच बाजूला ओढला जात असेल तर दोष टेबलाचा. तुमच्याच उजव्या हाताला येत राहिला तर दोष तुमचा.

टेबल नसताना करण्यासारखंही याच जातीचं काम आहे: घरी जेवणाच्या टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडात, काठाला न शिवता, क्यू मागेपुढे करायचा. यात पैसे लागत नाहीत, फक्त घरच्यांचे टोमणे ऐकावे लागतात.

दहा मिनिटं पुरेत. दहा शॉट मोजून मारा आणि किती वेळा व्हाइट टिपच्या आजूबाजूला बॉलभर अंतरात परत आला तेवढा आकडा लिहून ठेवा. अधूनमधून मोबाइल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा करून समोरून आणि एकदा बाजूने व्हिडिओ काढा. १९८० च्या दशकात सहा वेळा जगज्जेता झालेल्या स्टीव्ह डेव्हिसची क्यू ॲक्शन त्याच्या वडिलांच्या, बिल डेव्हिस यांच्या नजरेखाली घडली. एकट्याने सराव करणाऱ्याला बाहेरची ती नजर मोबाइलकडून उसनी घ्यावी लागते. व्हिडिओत दोनच गोष्टी बघा: टिप व्हाइटला लागते त्या क्षणी डोकं हललं का, आणि क्यू मागे नेल्यावर क्षणभर थांबला का. बिलियर्ड्सच्या शॉटवर २००२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की कसलेल्या खेळाडूंची नजर शॉटच्या आधी लक्ष्यावर नवख्यांपेक्षा जास्त वेळ स्थिर राहते, आणि साधलेल्या शॉटमध्ये हुकलेल्यापेक्षा जास्त वेळ. मागे नेलेला क्यू क्षणभर थांबवला की नजरेला तेवढा वेळ आपोआप मिळतो.

एकच पॉट किती वेळा मारायचा?

क्यूनंतर पॉट. यासाठी लांबचा सरळ ब्लू उत्तम. ब्लू त्याच्या स्पॉटवर, व्हाइट डीच्या (ब्राऊनच्या स्पॉटभोवती आखलेल्या अर्धवर्तुळाच्या) बाजूला अशा जागी की व्हाइट, ब्लू आणि समोरच्या कोपऱ्याचं पॉकेट एका रेषेत येतील. व्हाइट ब्लूपासून किती लांब ठेवायचा, हे तुमच्या सध्याच्या खेळावर ठरवा. दहापैकी नऊ जात असतील तर फार जवळ आहात, शिकण्यासारखं उरलेलं नाही. तीन जात असतील तर फार लांब, चूक कुठे झाली तेच कळणार नाही. सहा-सात जातील तिथे थांबा आणि महिन्याभरात अंतर वाढवत न्या.

या शॉटची तीन रूपं आहेत. स्टनमध्ये व्हाइट टक्कर होताना ना पुढे फिरत असतो ना मागे, नुसता सरकत असतो. त्यामुळे सरळ शॉटवर तो जागच्या जागी थांबतो. फॉलोमध्ये तो ब्लूच्या मागोमाग पुढे जातो. स्क्रूमध्ये मागे येतो. यातला स्टन सगळ्यात प्रामाणिक. ब्लू आत गेला पण व्हाइट थांबण्याऐवजी थोडा डावी-उजवीकडे सरकला, तर टक्कर पूर्ण समोरून झाली नव्हती, पॉकेटने तुम्हाला सांभाळून घेतलं. असा पॉट मी मोजत नाही. तुम्हीही मोजू नका.

आता मुद्दा संख्येचा. बऱ्याच जणांचा समज असा, की एकच शॉट पन्नास वेळा मारला की तो हातात बसतो. शिकण्याच्या मानसशास्त्रात यावर बरंच काम झालेलं आहे. १९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी हातांच्या हालचालींचे तीन क्रम लोकांना शिकवले. एका गटाने आधी पहिला क्रम पुरता घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम सरमिसळ करून दिले. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसत होता. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा सरमिसळ केलेला गट पुढे होता. नंतर १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या सर्व्हिसवर आणि १९९४ मध्ये बेसबॉलच्या फलंदाजीवर झालेल्या अभ्यासांतूनही हाच कल दिसला.

कारण समजायला अवघड नाही. पोराला साताचा पाढा ओळीने घडाघडा म्हणता येतो, पण मध्येच "सात आठे किती?" विचारलं की ते मनात सातापासून सुरुवात करतं. एकच ब्लू सलग मारताना विसाव्या शॉटला तुम्ही काही ठरवतच नसता, मागच्याचीच नक्कल चालू असते. फ्रेममध्ये मात्र एकही शॉट लागोपाठ दोनदा येत नाही. प्रत्येक वेळी बघा, ठरवा, वाका, मारा. सराव याच साखळीचा व्हायला हवा.

म्हणून शॉट अगदी नवा असेल, उदाहरणार्थ स्क्रू अजून जमतच नसेल, तर दहा-पंधरा वेळा सलग मारा. तेवढं घोटणं लागतंच. निम्म्याच्या वर जायला लागला की लगेच सरमिसळ सुरू करा. ब्लू स्टनने, मग फॉलोने, मग बाजू बदलून दुसऱ्या पॉकेटमध्ये स्क्रूने. मध्ये एखादा ब्लॅक कटने, म्हणजे कोनात लावून. प्रत्येक शॉटनंतर टेबलापासून दोन पावलं मागे व्हा आणि नव्याने या. तासाचे आकडे पडतील आणि चिडचिड होईल. होऊ द्या. ज्या दिवशी सराव फार छान झाल्यासारखा वाटतो, त्या दिवशी बहुधा सोपंच काहीतरी चाललेलं असतं.

कटविषयी थोडंसंच. व्हाइट समोरच्या बॉलला अर्धा झाकेल असा लागला की तो बॉल ३० अंशांत निघतो, पाऊण लागला तर साडेचौदाच्या आसपास, पाव लागला तर जवळजवळ ४९. हे आकडे पाठ करून कोणी पॉट करत नाही. पण ब्लॅक स्पॉटवर ठेवून त्याच्याभोवती अर्धवर्तुळात सहा जागा ठरवल्या आणि त्या उलटसुलट क्रमाने मारल्या, तर कोणता कोन हातात नाही ते दोन दिवसांत कळतं. बहुतेकांना एका बाजूचा कट येतो आणि दुसऱ्या बाजूचा येत नाही. मग फ्रेममध्ये नकळत सगळी पोझिशन, म्हणजे पुढच्या शॉटसाठी व्हाइटची जागा, आवडत्या बाजूला ठेवली जाते, आणि ती बाजू बंद झाली की ब्रेक १६ वर संपतो.

व्हाइट कुठे थांबणार?

पॉट येतात पण ब्रेक होत नाहीत, अशी तक्रार असेल तर गाठ इथे आहे. जगभर वापरला जाणारा सराव म्हणजे लाइन-अप. रंगीत बॉल आपापल्या स्पॉटवर आणि रेड टेबलाच्या मधल्या रेषेत, ब्लू ते ब्लॅकच्या दरम्यान ओळीने. काही जण दोन-तीन ब्लॅकच्या मागेही ठेवतात. मग नेहमीसारखं रेड, कलर, रेड, कलर. सगळे रेड उघडे असल्यामुळे पॉट सोपे वाटतात; कस लागतो तो व्हाइटला दुसऱ्या कुठल्याही बॉलला न धक्का देता पुढच्याच्या कोनात आणण्याचा. पंधरा रेडने सुरुवात करू नका. सहा घ्या: तीन पिंक आणि ब्लॅकच्या मध्ये, तीन ब्लू आणि पिंकच्या मध्ये. सहा रेड साफ व्हायला लागले की आठ. खेळात गोडी वाटेनाशी झाली तर नियम कडक करा: व्हाइटने कुशनला शिवायचं नाही. हा एक नियम लावला की निम्मे शॉट अचानक हळू आणि नीट होतात, कारण जोर लावला की कुशन लागणारच.

त्याहून मला प्रिय आहे तो शेवटच्या सहा रंगांचा सराव. यलो २, ग्रीन ३, ब्राऊन ४, ब्लू ५, पिंक ६, ब्लॅक ७, असे २७ गुण. क्लबातल्या फ्रेमचा निकाल कितीदा तरी इथेच लागतो. पण नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे यलोपासून सुरू करून हुकलं की पुन्हा मांडून, सराव केला तर एक गंमत होते. यलो वीस वेळा खेळला जातो, ग्रीन बारा वेळा, आणि ब्लॅकपर्यंत तुम्ही एकदा किंवा एकदाही पोचत नाही. म्हणजे ज्या बॉलवर सगळ्यात जास्त दडपण असतं, त्याचाच सराव सगळ्यात कमी.

उलटं करा. आधी टेबलावर फक्त ब्लॅक. तो गेला की पिंक आणि ब्लॅक. मग ब्लू, पिंक, ब्लॅक. असं मागे मागे सरकत यलोपर्यंत. हुकलात की त्याच पायरीची पुन्हा मांडणी. पायरी चढताना पुढचा रस्ता पाठ झालेला असतो, त्यामुळे नवा बॉल आला की प्रश्न एकच उरतो: याला पॉट करून आपल्या ओळखीच्या रस्त्याला कसं लागायचं.

या रस्त्यातला अवघड वळणाचा भाग म्हणजे ब्राऊनवरून ब्लूकडे जाणं. यलो, ग्रीन, ब्राऊन तिघे एका रेषेवर जवळजवळ असतात. व्हाइटला फार हलायचंच नसतं. ब्लू मात्र टेबलाच्या मध्यावर. ब्राऊन कोपऱ्यात घालताना थोडा कोन उरला असेल तर व्हाइट बाजूच्या कुशनला लागून आपसूक बाहेर, ब्लूकडे निघतो. ब्राऊन अगदी सरळ मिळाला तर हा नैसर्गिक रस्ता बंद होतो आणि सगळा भार लांब स्क्रूवर किंवा जोरावर येतो. म्हणजे ब्लूची पोझिशन ब्राऊनवर ठरत नाही, ती ग्रीन मारतानाच ठरते. "पुढच्या बॉलवर या" हा सल्ला अर्धवट आहे. पुढच्या बॉलच्या योग्य बाजूला या. ग्रीन मारण्याआधी ब्राऊनच्या कोणत्या बाजूला, साधारण किती कोनात थांबायचं ते स्वतःशी ठरवा, त्या सरळ रेषेत कुशनच्या लाकडावर खडूचा तुकडा ठेवा, आणि मग मारा. ग्रीन गेला पण व्हाइट खडूच्या रेषेपासून दोन बॉल लांब राहिला, तर शॉट चुकला असंच धरा. मॅचमध्ये अशा खुणा करता येत नाहीत, सरावात कोणी अडवत नाही.

पुण्या-मुंबईच्या जुन्या जिमखान्यांत अजूनही काही ज्येष्ठ मंडळी तीन बॉलचं बिलियर्ड्स खेळताना दिसतात. मार्कर (टेबल सांभाळणारा आणि गुण मोजणारा) मोकळा असेल आणि टेबल मिळत असेल तर एखादा तास तेही खेळून बघा. पॉकेटपेक्षा व्हाइटचा प्रवास तिथे महत्त्वाचा असतो. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. पुण्यातच जन्मलेला, बंगळुरूत वाढलेला पंकज अडवाणी बिलियर्ड्स आणि स्नूकर या दोन्ही खेळांत जगज्जेता आहे.

खुर्ची परत आणा

तासातली शेवटची पंधरा-वीस मिनिटं दुसऱ्या भागाची. इथे व्हाइटला हात लावायचा नाही. पूर्ण पंधरा रेड लावून फ्रेम सुरू करा आणि समोर एक काल्पनिक खेळाडू धरा. तुम्ही हुकलात की त्याला थेट १५ गुण. पॉट नसेल तर सेफ्टी खेळा, म्हणजे समोरच्याला सोपा पॉट मिळू नये असा शॉट. सेफ्टीनंतर एखादा रेड उघडा, सरळ राहिला असेल तरीही त्याला १५. नसेल राहिला तर तुम्हीच पुढे खेळा. पंचही तुम्हीच, तेव्हा प्रामाणिकपणा तुमच्यावर. दर फ्रेमला तुम्हीच जिंकत असाल तर १५ चे २० करा, सारखे हरत असाल तर १०. निम्म्या फ्रेम जाव्यात आणि निम्म्या याव्यात, इतपत तो खेळाडू ताकदीचा असू द्या.

आणि हुकल्यावर खरोखर बसा. क्यू भिंतीला लावून खुर्चीत मिनिटभर. मोबाइल बघायचा नाही. हे हास्यास्पद वाटतं, शेजारच्या टेबलावरचे बघतात, पण त्यातून एक गोष्ट सरावात येते जी दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने येत नाही: थंड हाताने उठून मारलेला पहिला पॉट. सलग खेळताना हात गरम असतो, लय असते. मॅचमध्ये पाच मिनिटं बसून उठल्यावर जो लांबचा रेड येतो, तो त्याच लयीशिवाय घालायचा असतो. हा पहिला पॉट वहीत वेगळा लिहा. नेहमीच्या पॉटच्या आकड्यापेक्षा तो बराच खाली असतो, आणि "सरावात जातात, मॅचमध्ये जात नाहीत" या तक्रारीचा मोठा भाग त्या फरकात सापडतो.

ब्रेक-ऑफचा, म्हणजे फ्रेमच्या पहिल्या शॉटचा, सरावही इथेच आपोआप होतो. निव्वळ त्यासाठी दर वेळी पंधरा रेड लावत बसणं वेळखाऊ आहे. दर फ्रेमचा एकच, पण मोजून. ब्राऊन आणि यलोच्या मधून, उजवी साइड देऊन, त्रिकोणाच्या उजव्या टोकाच्या रेडला पातळ घासून व्हाइट कुशनांवरून फिरत खालच्या, म्हणजे डीच्या बाजूच्या, कुशनपाशी, ग्रीनच्या मागच्या अंगाला परत आला पाहिजे. खालच्या कुशनपासून एका वितीच्या आत थांबला तर दोन गुण, दोन वितींत एक, त्यापुढे शून्य. सेफ्टी एकट्याने शिकता येत नाही असं लोक म्हणतात. मला तर उलट वाटतं. पॉटमध्ये नशीब मदत करतं, पण व्हाइट कुशनपासून किती वितींवर थांबला यात वाद घालायला कोणीच नसतं. वरच्या बाजूच्या कुठल्याही सुट्या रेडला पातळ लावून व्हाइट खाली आणायचा सराव याच मापाने करा.

वेळेची वाटणी साधारण अशी पडते: दहा मिनिटं स्पॉटवरून क्यू, पंधरा मिनिटं पॉट, वीस मिनिटं लाइन-अप किंवा रंग, आणि उरलेला वेळ खुर्चीचा. लाइन-अप आणि रंग दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका. एक आड एक घ्या. तासाचे पैसे मोजून खेळणाऱ्याला दोन तासांचा मोह होतो, पण दुसऱ्या तासात पाय आणि पाठ दमलेली असतात आणि वाकणं आळशी होतं. आठवड्यात एकदा सलग तीन तासांपेक्षा तीन दिवस एकेक तास कधीही बरा.

वहीबद्दल एक इशारा. आकडे लिहायचे, पण रोजच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. समजा लांबच्या ब्लूवर तुमची खरी ताकद दहापैकी सहाची आहे. तुमच्या खेळात तसूभर फरक न पडताही दहा शॉटचा आकडा चार ते आठच्या दरम्यान कुठेही येऊ शकतो. गणिताने दहापैकी नऊ दिवस तो या पट्ट्यात येईल आणि एखादा दिवस त्याच्याही बाहेर. म्हणजे काल आठ आणि आज चार, यातून काहीच सिद्ध होत नाही. तरी माणूस चार आले म्हणून लगेच स्टान्स (उभं राहण्याची ढब) बदलतो, पुढच्या वेळी सात येतात, आणि नव्या स्टान्सला श्रेय मिळतं. शंभर शॉट जमेपर्यंत थांबा. शंभरात खरी ताकद साठची असेल तर आकडा बहुधा पन्नास ते सत्तरमध्ये राहतो. एका शंभरात ५५ आणि पुढच्या शंभरात ७२ आले, तर काहीतरी सुधारलं म्हणायला हरकत नाही. तोपर्यंत क्यू ॲक्शनला हात लावू नका.

कापडाचं भान मात्र रोज ठेवावं लागतं. स्नूकरच्या कापडाला लव असते, ती डीकडून ब्लॅकच्या बाजूला झुकलेली. मार्कर ब्रश नेहमी त्याच दिशेने मारतो. पावसाळ्यात कापड ओल धरतं आणि टेबल जड होतं; मे महिन्यात ब्लॅकवरून परत ब्लूपर्यंत येणारा व्हाइट जुलैत पिंकपाशीच बसतो. हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला, तेव्हा ही तक्रार खेळाइतकीच जुनी असणार. त्यामुळे टेबल घेतल्यावर पहिले चार-पाच शॉट नुसते वेग जोखण्यासाठी मारा: डीच्या रेषेवरून व्हाइट समोरच्या कुशनला लावून पुन्हा त्याच रेषेवर थांबवायचा. जून ते सप्टेंबरचे पोझिशनचे आकडे वहीत वेगळ्या पानावर लिहा आणि मे महिन्याच्या आकड्यांशी त्यांची तुलना करू नका. पॉटचे आकडे चालतील, कारण ओल्या कापडावर वेग मरतो, सरळ रेषा तशीच राहते. पावसाळ्यात स्क्रूला जास्त जोर लागतो म्हणून क्यूचा मागचा हात आवळला जातो. स्पॉटवरून व्हाइट मारण्याची ती दहा मिनिटं या चार महिन्यांत पंधरा करायची आणि परत येणारा व्हाइट कोणत्या बाजूला फुटतोय ते बघत राहायचं.